चिठ्ठीत निघालेली दीडशे माणसे

आमच्या तालुक्याच्या कचेरीत सरपंचपदांच्या आरक्षणाची सोडत निघायची होती. चिठ्ठ्या काढायला लहान मूल लागते. मोठ्या माणसाच्या हातावर अशा कामात आपल्याकडे कोणाचा फारसा विश्वास नाही. आमच्या शाळेतली चौथीतली एक मुलगी त्यासाठी निवडली गेली आणि तिला नेऊन आणण्याचे काम माझ्याकडे आले. वेणीला लाल फीत, अंगात धुतलेला गणवेश आणि डोळ्यांत जत्रेला निघाल्याचा आनंद. कचेरीच्या मंडपात गावोगावचे पुढारी कडक इस्त्रीचे कपडे घालून बसले होते. साहेबांनी काचेची बरणी हलवली, मुलीने आत हात घातला आणि एकेक चिठ्ठी बाहेर येऊ लागली. कुठे पद स्त्रियांसाठी राखीव झाले, कुठे अनुसूचित जातीसाठी, कुठे खुले राहिले. एका चिठ्ठीसरशी पाच वर्षे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या एखाद्या गृहस्थाचा चेहरा उतरे, आणि मागच्या रांगेतल्या कोणा अबोल बाईकडे सारे वळून पाहत.

परतताना एस. टी.त तिने विचारले, "गुरुजी, चिठ्ठी काढून कारभारी ठरवायचा, तर शहाणा माणूस कसा मिळायचा?"

मी तिला समजावले, की चिठ्ठीने माणूस ठरत नाही. ते पद कोणत्या वर्गासाठी राखायचे एवढेच ठरते. माणूस गावानेच मत देऊन निवडायचा असतो. तिचे समाधान झाले, ती खिडकीबाहेर पाहू लागली. माझे मात्र झाले नाही. चिठ्ठीने खरोखरच माणूस निवडला तर काय होईल? भिशीची चिठ्ठी काढतात तशी राज्यकारभाराची काढली तर?

वाचकहो, मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेली नाही. मी कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना शिकवतो. पण एखादा प्रश्न डोक्यात शिरला, की तो पुस्तकांच्या कपाटापाशी नेऊन सोडल्याखेरीज मला झोप येत नाही. या प्रश्नाने मला आधी अथेन्सला नेले, मग तमिळ देशातल्या एका देवळाच्या भिंतीशी, आणि शेवटी अगदी अलीकडच्या पॅरिसला. त्यातली पॅरिसची हकीकत मला आज सांगायची आहे. पण वाटेतली दोन ठाणी टाळून चालणार नाही.

अथेन्स नगरीत अडीच हजार वर्षांपूर्वी पाचशे जणांचे एक मंडळ नगराचा रोजचा कारभार पाहत असे. दहा गणांतून प्रत्येकी पन्नास, आणि तेही सोडतीने. तीस वर्षे पुरी झालेला कोणीही नागरिक त्यात येऊ शके, आणि आयुष्यात दोनदापेक्षा अधिक वेळा येऊ शकत नसे. निवडणुकीत पैसेवाला आणि तोंडाळ माणूस पुढे जातो, चिठ्ठी मात्र कोणाचे तोंड पाहत नाही, असा त्यामागचा विचार. अर्थात स्त्रिया आणि गुलाम यांची नावे त्या सोडतीत कधी पडलीच नाहीत, हेही विसरता येत नाही.

दुसरे ठाणे आपल्याच देशातले. कांचीपुरमच्या जवळ उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, म्हणजे इसवी सन ९२० च्या सुमाराचे लेख तिथल्या देवळाच्या भिंतीवर कोरलेले आहेत. गावाचे तीस भाग पाडावेत, लायक माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहावीत, ते तुकडे घागरीत घालावेत, आणि एका अजाण मुलाच्या हातून ते काढवावेत, अशी तपशीलवार रीत त्यात दिली आहे. अशा रीतीने निवडलेल्या समित्यांमध्ये एक खास तळ्याची समिती होती. पाणी हा तेव्हाही गावाचा जीव होता. उमेदवाराचे वय पस्तीस ते सत्तर असावे, त्याची स्वतःची करपात्र जमीन आणि घर असावे. आणि पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो तर बादच, त्याचे जवळचे नातेवाईकही बाद! ही ब्राह्मणांच्या गावाची सभा होती, बाकीच्यांना तिथे जागा नव्हती, ही तिची मर्यादा उघडच आहे. पण हिशेबाचे ते कलम वाचताना मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

आता पॅरिस.

हवामान बदलते आहे, हे आता शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो कर्बवायू सोडतो त्याने पृथ्वी तापते, आणि हा वायू सोडणे कमी केले पाहिजे, हेही आता वादाचे राहिलेले नाही. २०१५ साली याच पॅरिस शहरात जगातल्या राष्ट्रांनी तसा करार केला. वाद आहे तो पुढचा: कमी करायचे, पण कोणी, आणि कोणाच्या खर्चाने? या कामाची अडचण अशी, की त्याचा त्रास आज होतो आणि फळ नातवंडांना मिळते. शिवाय तो त्रास सर्वांना सारखा होत नाही.

फ्रान्सने २०१४ पासून इंधनावर कर्बवायूच्या हिशेबाने कर बसवला होता. सुरुवातीला दर टनामागे ७ युरो. २०१८ पर्यंत तो ४४ युरो ६० सेंटपर्यंत चढला. १ जानेवारी २०१९ पासून डिझेल लिटरमागे आणखी साडेसहा सेंटांनी महागणार होते. कागदावर हे धोरण निर्दोष होते. इंधन महाग झाले की माणसे ते कमी वापरतील. अर्थशास्त्राचा कोणीही विद्यार्थी हेच सांगेल. परंतु पॅरिसमध्ये राहणाऱ्याच्या पायाखालून भुयारी आगगाडी धावते. लहान गावात राहून तीस-चाळीस किलोमीटरवर कामाला जाणाऱ्याला मोटारीशिवाय गत्यंतर नसते. त्याने डिझेल कमी वापरायचे म्हणजे काय करायचे? आणि त्याच २०१८ सालच्या आरंभी सरकारने श्रीमंतांच्या संपत्तीवरचा कर जवळजवळ मोडीत काढून तो केवळ स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. एका हाताने वर सोडायचे आणि दुसऱ्या हाताने खाली गोळा करायचे, हा हिशेब समजायला मॅट्रिकही व्हावे लागत नाही.

१७ नोव्हेंबर २०१८ या दिवशी फ्रान्सभर चौकाचौकांत माणसे उभी राहिली. सरकारी मोजणीनेच त्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या वर होती. त्यांच्या अंगात पिवळी जाकिटे होती. रस्त्यात गाडी बंद पडली तर लांबून दिसावे म्हणून असे जाकीट प्रत्येक मोटारीत ठेवण्याची तिथे सक्ती आहे. सरकारनेच घ्यायला लावलेले ते जाकीट सरकारविरुद्धचे निशाण झाले. 'आम्हीही इथे आहोत, आम्हाला पाहा', असेच जणू त्या रंगाचे म्हणणे होते. १ डिसेंबरला पॅरिसमध्ये जाळपोळ झाली, विजयकमानीच्या आतल्या मूर्तींची मोडतोड झाली. त्याच महिन्यात सरकारने करवाढ मागे घेतली, आणि तो दर पुढे कित्येक वर्षे ४४ युरो ६० सेंटवरून हलला नाही.

या लोकांना पृथ्वीची काळजी नव्हती, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्यांना कोणी विचारले नव्हते, हे त्यांचे दुखणे होते.

त्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या गावोगावच्या नगरपालिकांनी तक्रारींच्या वह्या उघडल्या. यामागे मोठा इतिहास आहे. १७८९ साली, राज्यक्रांतीच्या तोंडावर, राजाने बोलावलेल्या सभेसाठी खेड्याखेड्यांतून अशाच वह्या भरल्या गेल्या होत्या. मिठावरचा कर, जमीनदाराची वेठ, शिकारीसाठी तुडवली जाणारी पिके, सारे त्यात होते. पुढे काय झाले ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. २०१९ च्या वह्यांच्या नशिबी मात्र तेवढी धामधूम नव्हती. त्या भरल्या, बांधल्या गेल्या आणि बहुतेक सरकारी दप्तरखान्यांत जाऊन पडल्या.

मग राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी २५ एप्रिल २०१९ रोजी एक नवीनच घोषणा केली. सामान्य नागरिकांपैकी १५० जणांची सभा चिठ्ठीने निवडायची. तिच्यापुढे एकच प्रश्न: १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत फ्रान्सचा वायू निदान ४० टक्क्यांनी कमी कसा करायचा, आणि तोही सामाजिक न्याय सांभाळून? ही सभा जे ठरवील ते कोणत्याही चाळणीतून न काढता एक तर संसदेपुढे, नाही तर जनमतासाठी, नाही तर थेट नियम म्हणून अमलात आणू, असे वचन त्यांनी दिले. 'चाळणीतून न काढता' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत.

चिठ्ठी आता मातीच्या घागरीतून निघाली नाही. यंत्राने सुमारे अडीच लाख दूरध्वनी क्रमांक काढले, आणि फोन लावून माणसे विचारली. आलेल्यांतून निवड करताना सहा गोष्टींचे प्रमाण देशाशी जुळवले: स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, व्यवसाय, गाव की शहर, आणि प्रदेश. वयाची खालची मर्यादा होती सोळा. ज्यांच्याजवळ कसलीही पदवी नाही अशांनाही समाजातल्या त्यांच्या प्रमाणाइतकी जागा ठेवली होती. हे वाचून माझ्यासारख्याला किती बरे वाटले असेल, ते वाचकांनीच ओळखावे. कोर्टातल्या पंचांना मिळतो त्या हिशेबाने त्यांना रोजचा भत्ता मिळे. निवडणूक लढवून आलेला एकही नव्हता. कोणाच्या नावाचा फलक कुठल्या चौकात लागला नव्हता.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी पॅरिसच्या इएना राजवाड्यात ही सभा पहिल्यांदा बसली. शुक्रवार ते रविवार असे तीन-तीन दिवस, अशा सात बैठका झाल्या. मध्येच देशभर संप झाले, मग महामारी आली आणि शेवटची बैठक पुढे ढकलावी लागली. शास्त्रज्ञ येऊन बोलत, उद्योगांची माणसे बोलत, कायद्याचे जाणकार मसुदा करून देत. दीडशे जणांचे पाच गट पाडले होते: प्रवास, घर, अन्न, उपभोग आणि उत्पादन. पहा, यात 'ऊर्जा मंत्रालय' किंवा 'वित्त विभाग' असे काही नाही. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत जे करतो, त्याचीच ही वाटणी आहे. एखाद्या गृहिणीने ती करावी तशी.

२१ जून २०२० रोजी काम संपले तेव्हा त्यांच्या हाती १४९ सूचना होत्या. जिथे आगगाडीने चार तासांच्या आत जाता येते तिथे देशांतर्गत विमान बंद करावे. ज्या घरांतून उष्णता गळते त्यांची दुरुस्ती सक्तीची करावी. महामार्गावरचा वेग ताशी १३० वरून ११० किलोमीटरवर आणावा. निसर्गाचा संहार हा गुन्हा मानावा. भागधारकांना मोठा नफा वाटणाऱ्या कंपन्यांकडून ४ टक्के घ्यावेत. आठवड्याला कामाचे २८च तास असावेत, अशीही एक सूचना आली होती. ती मात्र या दीडशेंनीच बहुमताने बाजूला ठेवली. चिठ्ठीत निघालेली माणसे हवेत इमले बांधतात, असे ज्यांना वाटत होते त्यांना हे उत्तर पुरेसे आहे. आणि आणखी एक गोष्ट: ज्या इंधनकरापायी हे सारे घडले, तो वाढवा असे त्यांनी म्हटले नाही. आधी माणसाला दुसरा रस्ता द्या, मग पहिला बंद करा, असा त्यांच्या सूचनांचा एकंदर सूर होता.

२९ जूनला राष्ट्राध्यक्षांनी आपल्या वाड्याच्या बागेत सर्वांना बोलावले आणि १४९ पैकी १४६ सूचना मान्य केल्या. उरलेल्या तिनांवर त्यांनी आपले 'जोकर' वापरले. दिवाळीत रमी खेळणाऱ्या वाचकांना जोकर काय ते सांगायला नको. पहिला जोकर नफ्यावरच्या चार टक्क्यांवर पडला, दुसरा वेगमर्यादेवर, आणि तिसरा राज्यघटनेच्या प्रस्तावनेत बदल करण्यावर. तीन पाने गेली. पण हातात १४६ उरली होती. बागेत टाळ्या वाजल्या.

पुढची हकीकत टाळ्यांची नाही. 'मान्य' या शब्दाच्या पोटात किती खोल्या असतात, हे हळूहळू दिसू लागले. चार तासांचे विमान अडीच तासांवर आले. तो नियम २०२३ च्या मे महिन्यात प्रत्यक्षात उतरला तेव्हा त्यात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून सुटणारे तीनच मार्ग सापडले. निसर्गसंहाराचा मोठा गुन्हा खालच्या पायरीचा गुन्हा झाला. घटनेच्या पहिल्याच कलमात पर्यावरणाच्या रक्षणाची 'हमी' देणारे वाक्य घालायचे ठरले होते. लोकसभागृहाने ते मार्च २०२१ मध्ये मंजूर केले, सिनेटने 'हमी' हा शब्दच काढला, आणि दोन्ही सभागृहांचे एकमत न झाल्याने जुलैमध्ये सारा बेत सोडून द्यावा लागला. भाषा शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, एका क्रियापदासाठी राज्यघटना अडल्याचे असे उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही. डिसेंबर २०२० मध्येच राष्ट्राध्यक्षांनी एका मुलाखतीत, दीडशे जणांनी लिहिले म्हणजे तो काही धर्मग्रंथ होत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले होते.

सरकारच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते न बोलणे अन्यायाचे होईल. २२ ऑगस्ट २०२१ रोजी झालेला कायदा लहान नाही. सर्वांत जास्त उष्णता गळणारी घरे १ जानेवारी २०२५ पासून भाड्याने देण्यास अपात्र ठरली. शाळांच्या भोजनगृहांत आठवड्यातून एकदा मांसमासळीविना जेवण कायमचे झाले; आपल्याकडच्या पुष्कळ घरांत सोमवार-शनिवार पाळणाऱ्या आजीबाईंना याचे नवल वाटणार नाही. शिवाय संसदेतले सभासद विचारीत होते, की आम्हाला लाखो लोकांनी मते दिली आहेत, या दीडशेंना कोणी निवडले? प्रश्न खोटा नाही. चिठ्ठीने निघालेल्या माणसाला पुढल्या निवडणुकीत कोणी पाडू शकत नाही. मग तो जबाबदार कोणाला? पण त्याला दुसरी बाजूही आहे. त्या दीडशेंनी आपणहून राज्य मागितले नव्हते. त्यांना बोलावून, नऊ महिने बसवून, वचन देऊन विचारले होते.

२०२१ च्या फेब्रुवारीअखेर ही सभा शेवटची जमली, आणि तिने सरकारच्या उत्तराला गुण दिले. दहापैकी ३.३. या उपायांनी वायू ४० टक्क्यांनी कमी होईल काय, या प्रश्नाला २.५. आम्ही शिक्षक आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देत आलो. उत्तरपत्रिका उलट्या दिशेने तपासली जाऊ शकते, हे त्या आकड्यांकडे पाहताना माझ्या ध्यानात आले, आणि एक जुनी गोष्ट आठवून मी ओशाळलो.

काही वर्षांमागे एका उन्हाळ्यात आमच्या गावचे पाणी आटले. शाळेच्या टाकीत टँकरने पाणी येई, तेही दिवसाआड. मी वर्गात म्हटले, पाणी कसे पुरवायचे ते तुम्हीच ठरवा. नावांच्या चिठ्ठ्या केल्या, खडूच्या डब्यात घातल्या, सात मुले निघाली. त्यांनी दोन दिवस मधल्या सुट्टीत बसून तीन कलमे लिहून आणली. पहिले: हात धुतलेले पाणी झाडांना घालायचे. दुसरे: प्रत्येकाने आपला पेला घरून आणायचा, नळाला तोंड लावायचे नाही. तिसरे: शनिवारी गुरुजींच्या फटफट्या शाळेच्या पाण्याने धुवायच्या नाहीत.

मी पहिली दोन कलमे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली. तिसऱ्यापाशी हात थांबला. धुतल्या जाणाऱ्या फटफट्यांत एक माझी होती. "ते मोठ्यांचं आपण नंतर पाहू," असे म्हणून मी कागद घडी करून खिशात ठेवला.

मागच्या बाकावरून एक मुलगा अगदी साधेपणाने म्हणाला, "मग विचारलंत कशाला, गुरुजी?"

मी त्याला खाली बसवले. आठवड्याभरात हात धुतलेले पाणी झाडांऐवजी गटारात जाऊ लागले, आणि मी मुलांना शिस्त नाही म्हणून रागावलो. पुढल्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या मागितल्या. डबा उघडला, तर निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या.

त्या कोऱ्या चिठ्ठ्या आठवल्या, की पॅरिसची बाग मला नीट समजते. लोकांना न विचारणे हा एक दोष आहे. विचारून, त्यांतले आपल्याला सोसणारे तेवढे घेणे हा त्याहून मोठा दोष आहे. कारण पहिल्याने माणूस रागावतो आणि दुसऱ्याने तो गप्प होतो. रागावलेला माणूस चौकात तरी येतो.

पण हे सगळीकडे असेच होते असे नाही, हे सांगितल्यावाचून लेख संपवणे मला बरे वाटत नाही. फ्रान्सच्याही आधी आयर्लंडने हा प्रयोग केला होता. न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांच्या अध्यक्षतेखाली चिठ्ठीने निवडलेल्या ९९ नागरिकांच्या सभेने २०१७ च्या शरद ऋतूत दोन शनिवार-रविवार हवामानाच्या प्रश्नावर घालवले. तिथेही कर्बवायूवरच्या कराचा विषय निघाला. पॅरिसमध्ये ज्यापायी पुढे आग लागली तोच विषय. आणि काय झाले? ८० टक्के सभासदांनी सांगितले, की आम्ही असा कर अधिक द्यायला तयार आहोत. अट दोनच: त्या पैशाचा उपयोग याच कामासाठी व्हावा, आणि सर्वांत गरीब घरांवर त्याचा बोजा पडू नये. म्हणजे माणूस पैसे द्यायला नाही म्हणत नाही. तो हिशेब मागतो. उत्तरमेरूरच्या भिंतीवर हेच कोरले आहे.

आयर्लंडच्या सरकारने 'चाळणी लावणार नाही' असे मोठे वचन दिले नव्हते. त्यांनी एवढेच केले, की संसदेत सर्व पक्षांची एक समिती नेमली आणि तिला त्या नागरिकांच्या तेरा शिफारशी एकेक करून वाचायला लावल्या. त्यातून २०१९ ची सरकारी योजना निघाली, आणि २०२१ साली २०३० पर्यंत वायू ५१ टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घालणारा कायदा झाला. कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे, हे खरेच. पण ज्यांना विचारले त्यांच्या कागदापुढे कोणी तरी बसून राहिले, ही गोष्ट लहान मानू नये.

आपल्याकडे यासाठी पॅरिस-डब्लिनला जायला नको. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. तिथे चिठ्ठीचीही गरज नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद आहे. नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे अवर्षणातले गाव. तिथे पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके नकोत, शेतीसाठी विंधनविहीर नको, हे निर्बंध त्या गावाने स्वतःवर घालून घेतले. वरून हुकूम आला असता, तर त्याच निर्बंधांविरुद्ध त्याच गावाने मोर्चा काढला असता, अशी माझी समजूत आहे. आणि बाकीच्या गावांत? २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर लाडू वाटून होतात, नोंदवहीवर सह्या होतात आणि सभा संपते. माझीही सही अशा नोंदवहीत आहे. ठराव काय झाला होता ते मी वाचलेले नाही.

एक आकडा सांगायचा राहिला. सरकारला ३.३ गुण देणाऱ्या त्याच दीडशे माणसांना शेवटी असेही विचारले होते, की अशा नागरिकसभा पुढेही भरवल्या तर देशाचा लोकशाही कारभार सुधारेल काय? इतके होऊनही त्यांनी त्याला दहापैकी ७.७ गुण दिले. त्यांची चिठ्ठी अजून कोरी झालेली नव्हती.

सोडतीच्या त्या दिवशी मुलीला घरी पोहोचवून मी शाळेत परत आलो. कपाटातल्या जुन्या कागदांत ती घडी सापडेल अशी आशा नव्हती, पण सापडली. तिसऱ्या कलमाखाली सात मुलांच्या सह्या आहेत; त्यांतल्या दोघांना तेव्हा जोडाक्षरेही नीट येत नव्हती. ती मुले आता मोठ्या शाळेत गेली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा तो कागद मी आताच्या मुलांपुढे फळ्याला चिकटवणार आहे, तिन्ही कलमांसह. फटफटी मी गेला महिनाभर ओल्या फडक्याने पुसतो. ती पूर्वीइतकी चमकत नाही, हे सहशिक्षकांनी मला दोनदा सांगून झाले आहे.